तीन मिनिटांच्या तबकडीत न मावलेला ड्यूक

जॅझ हा शब्द उच्चारला की मराठी रसिकाच्या डोळ्यांपुढे बहुधा जुन्या हिंदी चित्रपटातील क्लबचे दृश्य उभे राहते. धुराने भरलेली खोली, चकचकीत ट्रम्पेट, पांढऱ्या कोटातील वादक आणि त्यांच्यापुढे थिरकणारी नायिका. ही प्रतिमा अगदीच निराधार नाही. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३० च्या दशकात अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांचे जॅझवृंद वाजत होते. त्यांच्या संगतीत गोव्याच्या अनेक वादकांनी ही विद्या आत्मसात केली आणि तेच वादक पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले. ‘अलबेला’च्या (१९५१) संगीतासाठी सी. रामचंद्र यांच्या हाताशी होते ते चिक चॉकलेट या नावाने गाजलेले गोमंतकीय ट्रम्पेटवादक अँतोनियो झेवियर वाझ. म्हणजे जॅझ आपल्या कानांवरून कित्येक वर्षे जातो आहे. तो जॅझ आहे एवढेच आपल्याला ठाऊक नसते.

हा परिचय जरा जाणीवपूर्वक करून घ्यायचा तर सुरुवात कोठून करावी? बहुतेक जाणकार लुई आर्मस्ट्राँग यांचे नाव सांगतात आणि ते योग्यच आहे. पण बंदिश आणि उपज यांच्या नात्यावर ज्यांचे कान तयार झाले आहेत अशा श्रोत्यांसाठी आणखी एक दार उघडे आहे. ते म्हणजे एडवर्ड केनेडी एलिंग्टन ऊर्फ ड्यूक एलिंग्टन. जवळपास पन्नास वर्षे त्यांनी आपला वाद्यवृंद अखंड चालवला, हजाराहून अधिक रचना केल्या, आणि तरीही आयुष्यभर त्यांचा झगडा एकाच गोष्टीशी राहिला. लोक त्यांच्या संगीताला करमणूक म्हणत होते आणि ते संगीत म्हणूनच ऐकले जावे एवढाच त्यांचा आग्रह होता. जॅझ हे लेबलही त्यांना फारसे रुचत नसे.

एलिंग्टन यांचा जन्म २९ एप्रिल १८९९ रोजी वॉशिंग्टन शहरात झाला. वडील जेम्स एडवर्ड एका श्रीमंत गोऱ्या डॉक्टरांच्या घरी बटलर होते. व्हाइट हाउसमधील समारंभांतही अधूनमधून त्यांना वाढप्याच्या कामासाठी बोलावणे येई. नोकरी दुसऱ्याच्या घरची असली तरी स्वतःच्या घरातली राहणी मात्र रुबाबदार होती. टेबलावर काटेचमचे कसे मांडावेत, पाहुण्यांशी कसे बोलावे, स्त्रियांची प्रशंसा कशी करावी हे सारे मुलाने वडिलांकडून उचलले. आई डेझी यांचा तर आपला मुलगा असामान्य आहे यावर इतका विश्वास होता की तो विश्वास पुढे मुलालाही चिकटला. वॉशिंग्टनमध्ये तेव्हा शिकलेल्या, स्वाभिमानी कृष्णवर्णीय मध्यमवर्गाची मोठी वस्ती होती. शाळेत शिक्षक मुलांना बजावत की तुमच्या वागण्यावरून तुमच्या साऱ्या समाजाची पारख होणार आहे. या मुलाची ऐट पाहून एका मित्राने त्याला ‘ड्यूक’ म्हणजे सरदार म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव जन्मभराचे झाले.

पियानोचे धडे लहानपणीच सुरू झाले होते, पण त्याहून बेसबॉलची ओढ अधिक होती. खरी गोडी लागली ती किशोरवयात, बिलियर्डच्या अड्ड्यांवर रॅगटाइम वाजवणाऱ्या वादकांना ऐकून. सोड्याच्या दुकानात काम करत असताना त्यांनी पहिली रचना केली आणि तिला नावही सोड्याच्या दुकानाचेच दिले. चित्रकलाही उत्तम होती. न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटची शिष्यवृत्ती मिळत असताना त्यांनी ती नाकारली आणि फलक रंगवण्याचा धंदा काढला. कोणी नृत्याच्या कार्यक्रमाचा फलक करून घ्यायला आला की ते विचारत, वादक ठरले आहेत का? नसतील तर तेही काम त्यांच्याकडेच येई. चित्रकार मात्र त्यांच्यातून कधी गेला नाही. त्यांच्या रचनांची नावे पाहिली तर निळा, काळा, तपकिरी असे रंग वारंवार भेटतात. १९१८ मध्ये एडना थॉम्पसन यांच्याशी विवाह झाला, पुढच्या वर्षी मुलगा मर्सर जन्मला. हा संसार दहा-बारा वर्षांनी विस्कटला, घटस्फोट मात्र कधी झाला नाही.

१९२३ मध्ये ते मित्रांसह न्यूयॉर्कला गेले. टाइम्स स्क्वेअरजवळच्या एका तळघरातील क्लबमध्ये त्यांच्या छोट्या वृंदाला काम मिळाले. तोपर्यंत हा वृंद गोड, नेटके नृत्यसंगीत वाजवणारा होता. त्याचा रंग पालटला तो बबर मायली या ट्रम्पेटवादकामुळे. मायली ट्रम्पेटच्या तोंडाशी रबरी वाटी उघडझाप करत आणि घशातून गुरगुरत असा काही सूर काढत की वाद्य बोलते आहे, चिडते आहे, रडते आहे असे वाटावे. ही वाटी म्हणजे तुंबलेली मोरी मोकळी करण्याच्या पंपाचे रबरी टोक. पाठोपाठ जो नॅन्टन यांनी हीच करामत ट्रॉम्बोनवर आणली. मानवी गळ्याच्या जवळ जाणारे वाद्य आपल्याकडे श्रेष्ठ मानले जाते. न्यूयॉर्कच्या तळघरात, मोरीच्या पंपाच्या साहाय्याने का होईना, तोच ध्यास चालला होता.

४ डिसेंबर १९२७ रोजी हा वृंद हार्लेममधील कॉटन क्लबमध्ये रुजू झाला. एलिंग्टन यांच्या आयुष्यातील हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत विसंगत अध्याय म्हणावा लागेल. हार्लेम ही न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीयांची वस्ती, पण या क्लबात प्रेक्षक म्हणून प्रवेश होता तो गोऱ्यांनाच. रंगमंचावर आणि वाढपात तेवढे कृष्णवर्णीय. मालक होता ओनी मॅडन हा कुख्यात गुंड. अमेरिकेत त्या काळी दारूबंदी होती आणि क्लबचे अर्थकारण बेकायदा दारूवर चाले. सजावट कधी दक्षिणेतील मळ्याची, कधी आफ्रिकेच्या जंगलाची. गोऱ्या धनिकांना आफ्रिकेविषयी जे चटकदार कुतूहल होते ते भागवणे हे या वृंदाचे काम, आणि म्हणून या संगीताला जंगली संगीत असे नावही पडले.

स्वाभिमानाच्या शिकवणीत वाढलेल्या माणसाने हे कसे सोसले असेल? एलिंग्टन यांनी उघड बंड केले नाही. त्यांनी त्या जागेची कार्यशाळा केली. क्लबला सतत नवे नृत्यप्रयोग लागत, प्रत्येकासाठी नवे संगीत लागे, आणि ते हाताशी असलेल्या वृंदावर त्याच रात्री वाजवून पाहता येई. जगातील किती संगीतकारांना अशी सोय मिळाली असेल? शिवाय क्लबमधून रेडिओवर थेट प्रक्षेपण होई. ज्या सभागृहात कृष्णवर्णीय श्रोत्याला पाऊल ठेवता येत नव्हते, तेथील संगीत देशभर घराघरांत पोहोचू लागले. व्यवस्थापक आयर्व्हिंग मिल्स यांनी या काळात त्यांना मोठे केले हे खरे. मात्र अनेक रचनांवर सहरचनाकार म्हणून आपलेही नाव घालून त्यांनी त्याची किंमत वसूल केली.

या काळातील ‘मूड इंडिगो’ (१९३०) ही रचना नव्या श्रोत्याने आधी ऐकावी. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि क्लॅरिनेट एवढी तीनच वाद्ये प्रारंभी पुढे येतात. रूढ पद्धतीत क्लॅरिनेट वर, ट्रम्पेट मध्ये आणि ट्रॉम्बोन खाली असा क्रम असतो. एलिंग्टन यांनी तो विस्कटला. तोंड दाबलेला ट्रम्पेट वर ठेवला, ट्रॉम्बोनला त्याच्या उंच टिपेत नेऊन लगेच खाली बसवले आणि क्लॅरिनेट पार खर्जात ढकलला. तीन ओळखीची वाद्ये, पण एकत्र येणारा आवाज पूर्वी कोणी न ऐकलेला. दोनदा ऐकल्यावर कोणते वाद्य कोणते हे ओळखण्याचा प्रयत्न करावा. बहुतेकांची फसगत होते.

एलिंग्टन यांच्या रचनापद्धतीचे मर्म येथेच आहे. सर्वसाधारण संगीतकार वाद्यांसाठी लिहितो. एलिंग्टन माणसांसाठी लिहीत. त्यांच्या स्वरलिपीच्या कागदांवर पहिला ट्रम्पेट, दुसरा ट्रम्पेट असे नसे. वादकाचे नाव वा टोपणनाव लिहिलेले असे. जॉनी हॉजेस यांचा अल्टो सॅक्सोफोन मींड घेत एका स्वरावरून दुसऱ्यावर रेशमासारखा सरकतो. हॅरी कार्नी यांचा बॅरिटोन सॅक्सोफोन भारदस्त, साऱ्या वृंदाचा पाया सांभाळणारा. कूटी विल्यम्स यांचा ट्रम्पेट घडीत गुरगुरतो, घडीत लखलखतो. प्रत्येकाच्या गळ्यातली जागा ओळखून ती रचनेत कोठे बसवायची हे एलिंग्टन ठरवत. ‘कॉन्सर्टो फॉर कूटी’ (१९४०) ही तीन-सव्वातीन मिनिटांची रचना म्हणजे एका वादकाच्या साऱ्या छटांचे व्यक्तिचित्रच. जॅझमध्ये सारे काही आयत्या वेळचे असते, हा समज येथे गळून पडतो. बांधलेले किती आणि सुचलेले किती, याची सीमारेषा एलिंग्टन यांनी जाणूनबुजून पुसट ठेवली.

या पद्धतीची दुसरी बाजूही सांगायला हवी. तालमीत एखादा वादक सहज एखादी सुरावट छेडी. एलिंग्टन ती हेरत, फुलवत आणि तिची रचना होई. श्रेय व मानधन मात्र नेहमी त्या वादकापर्यंत पोहोचतच असे असे नाही. ‘मूड इंडिगो’तील क्लॅरिनेटवादक बार्नी बिगार्ड यांचा त्या रचनेतील वाटा बऱ्याच काळानंतर मान्य झाला. हॉजेस तर आपल्या सुरावटीवरून झालेली एखादी रचना सुरू झाली की मंचावरूनच एलिंग्टन यांच्याकडे पाहत नोटा मोजल्यासारखी बोटे चोळत, असे सांगितले जाते. तरीही ही माणसे टिकली. कारण रचनांच्या मानधनातून येणारा पैसा एलिंग्टन वृंदाच्या पगारावर खर्च करत आणि आपल्या बोटांतले नेमके काय चांगले आहे हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला कळत नव्हते.

तीसच्या दशकात कीर्ती युरोपपर्यंत गेली. १९३३ चा इंग्लंड-फ्रान्सचा दौरा गाजला. तेथील समीक्षकांनी त्यांची गणना गंभीर संगीतकारांत केली. मायदेशी मात्र दक्षिणेच्या राज्यांत दौरा असला की या नामांकित वृंदाला हॉटेलात खोली मिळत नसे, उपाहारगृहात जेवण मिळत नसे. त्यावर एलिंग्टन यांनी काढलेला तोडगा त्यांच्या स्वभावाला साजेसाच होता. रेल्वेचे शयनडबे भाड्याने घ्यायचे, ते स्थानकाच्या बाजूच्या रुळावर उभे करायचे आणि तेथेच राहायचे, जेवायचे. अपमान करण्याची संधीच समोरच्याला द्यायची नाही.

याच काळात त्यांना आणखी एक भिंत जाणवू लागली होती. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटांचे संगीत मावे. जॅझचे सारे लेखन या मापाने बेतलेले. १९३५ मध्ये आईच्या मृत्यूने ते कोसळले. त्या शोकातून ‘रेमिनिसिंग इन टेम्पो’ ही सुमारे तेरा मिनिटांची रचना निघाली आणि ती तबकड्यांच्या चार बाजूंवर विभागून द्यावी लागली. दर तीन मिनिटांनी उठून तबकडी उलटायची, तेव्हा कोठे एका मुलाचे दुःख पुरे ऐकून होणार! काही समीक्षक या रचनेवर तुटून पडले. नृत्यसंगीत करणाऱ्याने आपली पायरी सोडली, असा एकूण सूर होता.

१९३८ च्या डिसेंबरात पिट्सबर्गमध्ये तेवीस वर्षांचा एक बुजरा तरुण त्यांना भेटायला आला. औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या या तरुणाचे नाव बिली स्ट्रेहॉर्न. त्याने एलिंग्टन यांचीच एक रचना आधी त्यांच्याप्रमाणे आणि मग आपल्या पद्धतीने वाजवून दाखवली. पुढील अठ्ठावीस वर्षे स्ट्रेहॉर्न हे एलिंग्टन यांचा दुसरा हात होते. दोघांची लेखणी इतकी एकजीव झाली की कोठे एकाचे संपते आणि दुसऱ्याचे सुरू होते हे वृंदातील वादकांनाही सांगता येईना. १९४१ च्या आरंभी स्वामित्वशुल्काच्या वादातून रेडिओने एलिंग्टन ज्या संस्थेचे सभासद होते तिच्या रचना बंद केल्या. वृंदाला तातडीने नवे संगीत हवे होते आणि ते देण्याचे काम स्ट्रेहॉर्न व मर्सर यांच्यावर आले. त्या धावपळीत ‘टेक द ए ट्रेन’ ही वृंदाची कायमची ओळखधून ठरली. जगभर ती एलिंग्टन यांची म्हणून ओळखली जाते. ती आहे स्ट्रेहॉर्न यांची. स्ट्रेहॉर्न समलिंगी होते आणि त्या काळातही त्यांनी ते लपवले नाही. प्रसिद्धीपासून दूर, पडद्यामागे राहण्यात त्यांना जे स्वातंत्र्य मिळाले त्याची किंमत त्यांनी श्रेय गमावून मोजली, असे त्यांच्या चरित्रकारांना वाटते. एलिंग्टन यांनी त्यांच्यावर मुलासारखे प्रेम केले आणि त्यांच्या श्रेयाबाबत ढिलाईही केली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

२३ जानेवारी १९४३ रोजी कार्नेगी हॉलमध्ये ‘ब्लॅक, ब्राउन अँड बेज’ ही अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा इतिहास सांगणारी पाऊण तासाची रचना सादर झाली. अभिजात संगीताच्या समीक्षकांना ती विस्कळीत वाटली, जॅझवाल्यांना ती जॅझ वाटली नाही. दुखावलेल्या एलिंग्टन यांनी ती पुढे तुकड्यातुकड्यानेच वाजवली.

महायुद्धानंतर काळ फिरला. मोठे वृंद परवडेनासे झाले, तरुण वादक बीबॉपच्या वेगवान वाटेने गेले. एकामागून एक वृंद बंद पडत असताना एलिंग्टन यांनी स्वतःच्या खिशातून पगार देत आपला वृंद चालू ठेवला. १९५१ मध्ये हॉजेसही सोडून गेले, चार वर्षांनी परतले. १९५५ च्या उन्हाळ्यात तर न्यूयॉर्कमधील एका जलक्रीडेच्या कार्यक्रमाला साथ करण्याची पाळी या वृंदावर आली. ज्यांची तुलना युरोपातील समीक्षकांनी थोर रचनाकारांशी केली होती ते एलिंग्टन पाण्यातल्या कसरतींसाठी वाजवत होते.

आणि मग ७ जुलै १९५६ ची रात्र उगवली. न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात एलिंग्टन यांचा वृंद मुख्य वादनासाठी मंचावर आला तेव्हा मध्यरात्र जवळ आली होती आणि काही श्रोते घराची वाट धरू लागले होते. एलिंग्टन यांनी १९३७ मधील आपली जुनी जोडरचना ‘डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू’ काढली. एके काळी ती तबकडीच्या दोन बाजूंवर कापून दिलेली होती. दोन भागांच्या मध्ये टेनर सॅक्सोफोनवादक पॉल गोन्साल्व्हिस यांना मोकळे सोडायचे ठरले होते. ब्लूजचे आवर्तन बारा मात्राखंडांचे असते. आपल्या तालासारखेच ते फिरून फिरून समेवर येते. गोन्साल्व्हिस एक आवर्तन वाजवून थांबले नाहीत, पाच वाजवूनही थांबले नाहीत. सहाव्या-सातव्या आवर्तनाच्या सुमारास काळ्या पोशाखातील एक सोनेरी केसांची स्त्री उठून नाचू लागली. मंचाच्या कडेला बसलेले ड्रमवादक जो जोन्स गुंडाळलेले वर्तमानपत्र आपटून वृंदाला चेव आणू लागले. हजारो लोक खुर्च्यांवर उभे राहिले. दंगल होईल या भीतीने आयोजक जॉर्ज वेन एलिंग्टन यांना थांबण्याच्या खुणा करत होते आणि एलिंग्टन तिकडे पाहतही नव्हते. गोन्साल्व्हिस सत्तावीस आवर्तने वाजवून थांबले.

गोन्साल्व्हिस हे आडनाव वाचून मुंबईकरांना गोवा आठवणे साहजिक आहे. परंतु त्यांच्या घराण्याची मुळे आफ्रिकेच्या पश्चिमेकडील केप व्हर्दे बेटांत होती. गोव्याप्रमाणेच तीही पोर्तुगालची वसाहत. आडनाव एकाच जहाजातून दोन दिशांना गेले म्हणायचे.

या रात्रीची ध्वनिमुद्रिका एलिंग्टन यांची सर्वाधिक खपलेली ठरली आणि ऑगस्टमध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकले. गंमत अशी की गोन्साल्व्हिस त्या रात्री चुकीच्या मायक्रोफोनपुढे उभे होते. तो व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओचा होता, ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीचा नव्हे. त्यामुळे मूळ मुद्रिकेत त्यांचा सॅक्सोफोन दूरवरून आल्यासारखा वाटतो आणि इतर बराच भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून त्यावर टाळ्या चढवलेल्या होत्या. रेडिओची फीत नव्वदच्या दशकात सापडली. दोन्ही फिती जुळवून १९९९ मध्ये निघालेली आवृत्ती मिळवून ऐकावी. सत्तावीस आवर्तने मोजत ऐकल्यास अधिक उत्तम.

सात वर्षांनी, १९६३ च्या सप्टेंबरात, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने हा वृंद पश्चिम आणि दक्षिण आशियाच्या दौऱ्यावर पाठवला. शीतयुद्धाचा काळ होता. अमेरिकेतील वर्णद्वेषाच्या बातम्या जगभर छापून येत होत्या आणि त्याच देशाचे गोमटे रूप दाखवण्याचे काम एका कृष्णवर्णीय कलावंताकडे सोपवले गेले होते. मार्टिन ल्यूथर किंग यांचा वॉशिंग्टनमधील विराट मोर्चा निघून जेमतेम काही आठवडे झाले होते. एलिंग्टन यांना ही विसंगती कळत नसेल असे मुळीच नाही. ते पत्रकारांच्या प्रश्नांना शांतपणे सामोरे जात आणि पियानोपुढे बसत. वृंद भारतात आला. दिल्लीत एलिंग्टन आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले. पुढे मद्रास, मुंबई, कलकत्ता येथे कार्यक्रम झाले. नोव्हेंबरात बगदादमध्ये असताना तेथे सत्तासंघर्षातून राजवाड्यावर विमानांनी हल्ला चढवला. आणि वृंद तुर्कस्तानात अंकारा येथे असताना राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येची बातमी आली. दौरा तेथेच आटोपला. (एलिंग्टन यांच्या नावातील केनेडी हे त्यांच्या आईचे माहेरचे नाव; राष्ट्राध्यक्षांच्या घराण्याशी त्याचा संबंध नाही.)

या प्रवासातून ‘फार ईस्ट सूट’ ही रचनामाला जन्मली. ध्वनिमुद्रण झाले ते डिसेंबर १९६६ मध्ये, म्हणजे तीन वर्षांनी. हा विलंब हेतुपुरस्सर होता. जे ऐकले त्याची घाईने नक्कल करायची नाही, ते आत मुरू द्यायचे आणि मग जे उरेल ते आपल्या भाषेत लिहायचे, अशी एलिंग्टन यांची भूमिका होती. त्या वर्षांत पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात सतारीची लाट आली होती. या रचनामालेत सतार नाही, तबलाही नाही. ‘ब्लूबर्ड ऑफ दिल्ली’मध्ये जिमी हॅमिल्टन यांचा क्लॅरिनेट मैनेची शीळ घालतो आणि वृंद तिच्याभोवती आपल्याच नादात चालत राहतो. ‘आग्रा’ या अवघ्या अडीच मिनिटांच्या रचनेत हॅरी कार्नी यांचा बॅरिटोन सॅक्सोफोन ताजमहाल उभा करतो. नाजूक संगमरवरासाठी वृंदातील सर्वांत जड आवाजाचे वाद्य निवडावे, हे एलिंग्टन यांनाच सुचू जाणे. ऐकल्यावर मात्र तो घुमट डोळ्यांपुढे येतो. मालेतील सर्वांत गाजलेली, हॉजेस यांनी वाजवलेली ‘इस्फहान’ ही रचना स्ट्रेहॉर्न यांनी दौऱ्यापूर्वीच वेगळ्या नावाने लिहून ठेवली होती. नाव तेवढे इराणी शहराचे मिळाले. प्रवासवर्णनात अशा गोष्टी चालतात.

१९६५ मध्ये पुलित्झर पारितोषिकाच्या संगीत परीक्षकांनी एलिंग्टन यांच्या एकूण कार्याचा विशेष गौरव करावा, अशी शिफारस केली. मंडळाने ती फेटाळली आणि त्या वर्षी संगीताचे पारितोषिक कोणालाच दिले नाही. तिघांपैकी दोन परीक्षकांनी राजीनामे दिले. सहासष्ट वर्षांच्या एलिंग्टन यांनी जाहीरपणे हा विषय थट्टेवारी नेला. निकटवर्तीयांना मात्र त्यांचा राग दिसला. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथेड्रलमध्ये त्यांची पहिली ‘पवित्र संगीत सभा’ झाली. उतारवयातील या भक्तिरचनांना ते आपले सर्वांत महत्त्वाचे काम मानत. रसिकांचे मत त्यांच्याशी पुरते जुळलेले नाही.

३१ मे १९६७ रोजी स्ट्रेहॉर्न कर्करोगाने गेले. काही महिन्यांत एलिंग्टन यांनी केवळ त्यांच्या रचनांची एक ध्वनिमुद्रिका केली. मुद्रण संपले, वादक वाद्ये पेट्यांत भरू लागले, गप्पा सुरू झाल्या. एलिंग्टन पियानोपाशीच बसून राहिले आणि ‘लोटस ब्लॉसम’ ही स्ट्रेहॉर्न यांची लहानशी रचना एकट्यानेच वाजवू लागले. यंत्र चालू होते. मागचे आवाज हळूहळू विरत जातात आणि शेवटी फक्त पियानो उरतो. जॅझशी काहीही देणेघेणे नसलेल्या माणसालाही हे तीन-चार मिनिटांचे वादन समजते.

सत्तराव्या वाढदिवशी, २९ एप्रिल १९६९ रोजी, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी व्हाइट हाउसमध्ये समारंभ करून त्यांना देशाचे सर्वोच्च नागरी पदक दिले आणि स्वतः पियानोवर वाढदिवसाचे गाणे वाजवले. ज्या वास्तूत वडिलांनी तबके फिरवली होती तेथे मुलगा मानाचा पाहुणा होता. दुसऱ्या दिवशी वृंद पुन्हा दौऱ्यावर. एका गावाहून दुसऱ्या गावी एलिंग्टन बहुधा हॅरी कार्नी यांच्या मोटारीत, त्यांच्या शेजारच्या आसनावर बसून जात. अनेक रचना या प्रवासात सुचल्या.

२४ मे १९७४ रोजी न्यूयॉर्कमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने एलिंग्टन यांचे निधन झाले. नऊच दिवस आधी गोन्साल्व्हिस लंडनमध्ये वारले होते. मृत्युशय्येवरील एलिंग्टन यांना ते कळू दिले गेले नाही. सेंट जॉन द डिव्हाइन कॅथेड्रलमधील अंत्यविधीला बारा हजारांहून अधिक लोक होते आणि एला फिट्झगेराल्ड गायल्या. सतराव्या वर्षी, १९२७ मध्ये वृंदात आलेले कार्नी अखेरपर्यंत तेथेच होते. ऑक्टोबरात तेही गेले. वृंदाची धुरा मर्सर यांनी घेतली. १९९९ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, पुलित्झर मंडळाने एलिंग्टन यांना मरणोत्तर विशेष गौरव जाहीर केला.

एलिंग्टन यांचे कागद १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे गेले. स्वरलिपीची ती पाने तपासताना अभ्यासकांना दोन हस्ताक्षरे वेगळी करता येऊ लागली. वॉल्टर व्हॅन डी ल्यूर या डच संशोधकाने २००२ मधील आपल्या ग्रंथात स्ट्रेहॉर्न यांचा वाटा पानोपानी मांडला. एलिंग्टन यांची म्हणून गाजलेली कित्येक स्थळे त्यात स्ट्रेहॉर्न यांच्या खात्यावर जमा झाली आहेत. एलिंग्टन यांच्या हातच्या पानांवर समासात वाद्यांच्या जागी अजून नावे दिसतात, हॉजेस, कार्नी, कूटी, नॅन्टन.